स्वस्त चपलेचा महाग हिशोब

गरिबाला काटकसर शिकवणाऱ्यांची मला गंमत वाटते. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईला काटकसर काय शिकवणार? तिची मजुरी हजार विड्यांवर मिळते. पानं-तंबाखू कमी आले की मजुरीही घटते. ती दहा रुपयांची चहाची पुडी आणते आणि त्यात घर भागवते. पैसा उडवावा इतका तो तिच्या हातात कधी एकदम येतच नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

सुट्ट्या पैशांनी घेतलेली वस्तू महाग पडते. चहाच्या पाकिटावर आता एका ग्रॅमची किंमतही छापावी लागते. ती वाचून लहान-मोठ्या पाकिटांची तुलना करा, फरक कळेल. मोठं पाकीट एकट्याला झेपत नसेल तर गल्लीतल्या चार घरांनी मिळून घ्यावं. माणसं जास्त असतील तर बारीक डस्ट चहा बरा, रंग आणि कडकपणा लवकर उतरतो. त्याला हलका समजून नाक मुरडणारे पाहुणे असतात, त्यांना आलं घालून द्या! पण फारच स्वस्त सुट्टा चहा दिसला तर जपून. वापरलेला चोथा वाळवून, रंग देऊन विकणारेही असतात. ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पूड टाका. लगेच रंगाचे डाग पसरले तर तो चहा परत करा.

चपलांचं दुखणं याहून मोठं. रमजानच्या शेवटच्या दिवसांत विजापूर वेशीच्या मीना बाजारात लेकरांना चकचकीत जोड घेतले जातात, आणि जूनमध्ये शाळा उघडली की पुन्हा खर्च. नुसता चिकटवलेला तळ पहिल्या पावसात उघडतो. थोडे जास्त देऊन शिवलेला तळ घ्यावा, पुढे अर्धा इंच जागा ठेवावी, आणि तुटली तर चांभाराकडे न्यावी. यात कमीपणा कसला? पैगंबर साहेब आपली चप्पल स्वतः दुरुस्त करत, असं हजरत आयेशांच्या रिवायतीत आहे. इसराफवर बयान देताना आपण लग्नाच्या जेवणावळींवर बोलतो, ते योग्यच आहे. पण टाकून दिलेल्या चपलाही त्यात मोजायला हव्यात.

सरकारही या हिशोबात आहे. २०१८ पासून हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी होता. १ जानेवारी २०२२ पासून तो १२ टक्के झाला. म्हणजे दोनशेच्या चपलेवर दहाऐवजी चोवीस रुपये कर. श्रीमंताला हे चौदा रुपये दिसतही नाहीत, पण आमच्या मोहल्ल्यात तेवढ्यात एका वेळचं दूध येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंत पुन्हा ५ टक्के केला आहे. मधल्या पावणेचार वर्षांत जे वसूल केलं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. दुकानात आता भाव उतरला का, हे तरी विचारा. बिल मागायला लाजू नका.

एक साधी गोष्ट करता येईल. भिशी आपल्या बायकांना नवी नाही. ईदच्या आधी सोळा आठवडे दहा घरांनी आठवड्याला ५० रुपये एका विश्वासू बाईकडे ठेवावेत. चिठ्ठी काढायची गरज नाही, कारण सर्वांना पैसा एकाच वेळी लागतो. प्रत्येक घराचे ८०० रुपये होतात. दहाही घरं एकत्र दुकानात गेली तर दुकानदार भाव कमी करतो, आणि फायनान्सवाल्याच्या व्याजाचा हप्ताही मागे लागत नाही.