भूजलशास्त्रज्ञाची बढती

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याला चहूबाजूंनी समुद्राचा वेढा आहे. तरीही आतील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे. पाहुण्यांना हा चमत्कार वाटतो. भूजलशास्त्रज्ञ मात्र किनाऱ्याकडे पाहून एक हिशेब मांडतो. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत ते खाऱ्याला थोपवून धरते. वरचा हा १ मीटर उपशाने गेला, की खालचा आधारही त्याच प्रमाणात ढासळतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु सच्छिद्र जांभ्यातून त्याचा बराचसा भाग समुद्राला मिळतो आणि वैशाखात विहिरी तळ गाठतात. नेमक्या त्याच दिवसांत पर्यटकांची गर्दी असते. अशा वेळी किती उपसा करावा हे सांगणारा जाणकार हवा आणि त्याचा शब्द चालायलाही हवा.

जाणकार शासनापाशी आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजत तरुण भूवैज्ञानिक तयार झाला. कनिष्ठ, सहायक, वरिष्ठ भूवैज्ञानिक, पुढे उपसंचालक अशा पायऱ्या तो चढतो. केंद्रीय मंडळाचे अध्यक्षपद शास्त्रज्ञाला मिळू शकते. राज्याच्या यंत्रणेचे प्रमुखपद मात्र अलीकडे बहुधा प्रशासन सेवेकडेच राहिले आहे. १९९३ च्या भूजल कायद्यात भूवैज्ञानिकाने सल्ला द्यावा आणि महसुली अधिकाऱ्याने आदेश काढावा, अशी विभागणी होती. २००९ च्या कायद्याने राज्य पातळीवरील अधिकार जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे सोपवले.

शास्त्रज्ञाची दृष्टी एकांगी असते, तिला प्रशासनाची व्यापकता नसते, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. माधवराव चितळे हे महाराष्ट्राच्या सेवेतील अभियंते. ते केंद्रीय जलसंसाधन सचिव झाले आणि १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी ठरले. भूपृष्ठावरील पाण्याच्या तज्ज्ञाला जे साधले, ते भूगर्भातील पाण्याच्या तज्ज्ञाला का साधू नये? देशातील निम्म्याहून अधिक सिंचन भूजलावर चालते.

अर्थात, केवळ खुर्ची बदलून भागणार नाही. वर चढलेला शास्त्रज्ञ फायलींत गुंतला आणि विहिरीची वाट विसरला, तर त्याच्यात व इतर अधिकाऱ्यांत फरक उरत नाही. म्हणून किनारपट्टीवरील नव्या उपशाला परवानगी देण्या-नाकारण्याचा निर्णायक अधिकार त्याला द्यावा; त्याचबरोबर मोजलेली पातळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचे बंधनही त्याच्यावर घालावे. अधिकाराबरोबर उत्तरदायित्व ओघानेच येते. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. तोवर त्या घरातील बायकांनी पाण्यासाठी किती पायपीट केली, याची नोंद कोणत्याही सेवापुस्तिकेत होत नाही.