लॅपटॉपमध्ये जागा कमी आहे? मग कोणतं क्रिप्टो वॉलेट घ्याल?



पाली म्हटलं की लोक अष्टविनायकाकडे वळतात. मी बोलतोय आपल्या रत्नागिरीच्या पालीबद्दल, जिथे मुंबई-गोवा हायवेवरून कोल्हापूरचा रस्ता फुटतो. इथे काजू-आंब्याचा धंदा करणाऱ्याकडे एकच लॅपटॉप असतो. त्यातच बिलं, जीएसटी, मुलांचा अभ्यास. वॉलेटला जागा कुठून आणणार?

आधी एक गैरसमज काढा. वॉलेटमध्ये कॉइन नसतातच, तिथे फक्त तुमची चावी असते. कॉइनचा हिशोब ब्लॉकचेनवर असतो.

'बिटकॉइन कोअर' हा प्रोग्राम ती सगळी वही तुमच्या मशीनवर उतरवतो. ती आता ६०० जीबीच्या पुढे गेलीय. त्यात 'प्रूनिंग' केलं तर जुने ब्लॉक पुसले जातात आणि जागा बरीच वाचते. पण सुरुवातीला सगळा डेटा एकदा डाउनलोड करावाच लागतो. गावातल्या नेटवर किती दिवस जातील, विचार करा!

माझं मत स्पष्ट आहे: छोट्या उद्योजकाने हलकं वॉलेट घ्यावं. उदाहरणार्थ, २०११ पासून असलेलं 'इलेक्ट्रम'. ते वही स्वतःकडे ठेवत नाही, सर्व्हरला विचारतं. त्यामुळे जागा अगदी थोडी लागते. तोटाही सांगतो: तुमचे पत्ते त्या सर्व्हरला दिसतात. आणि डाउनलोड फक्त अधिकृत साइटवरूनच करा. २०१८ च्या अखेरीस खोटा 'अपडेट करा' मेसेज दाखवून इलेक्ट्रमच्या अनेक युजर्सचे कॉइन चोरले गेले होते.

मग एक्स्चेंजवरच ठेवलं तर? जागा शून्य लागते, पण चावी दुसऱ्याच्या खिशात. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले आणि ग्राहकांचे पैसे अडकले.

म्हणून खरी काळजी जीबीची नाही, त्या १२ शब्दांची करा. वॉलेट सुरू करताना ते मिळतात. लॅपटॉप बिघडला तरी त्यांच्यावरून सगळं परत येतं. कागदावर लिहा, फोटो काढू नका, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. आपल्याकडचा पावसाळा माहितीय ना? कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करा आणि दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवा.

आता धंद्याचं. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर सेस. विक्रीवर १ टक्का टीडीएस. तोटा झाला तर तो धंद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणून काजूबी खरेदीचे पैसे, कामगारांचा पगार, बँकेचा हप्ता यातला एक रुपयाही तिकडे वळवू नका. गिऱ्हाईकाकडून पैसे घ्यायला यूपीआय आहेच.

शिकायचंच असेल तर गेले तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम घ्या. आधी १२ शब्दांवरून वॉलेट परत उघडून बघा. उघडलं, तरच पुढे जा.