अँड्रॉइडची उघडी पोथी

धरमपेठेंतील एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास असून मोबाइलसाठीं मराठी पंचांगाचें ॲप लिहूं इच्छितात. ‘अँड्रॉइड फुकट मिळतें म्हणे, मग त्यांत कांहीं खोट तर नसेल ना?’ अशी बाईंची पृच्छा आहे.

खोट नाहीं, पण व्यवहार समजून घ्यावयास हवा. अँड्रॉइडचा गाभा म्हणजे लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें तो १९९१ सालीं जगापुढें ठेविला. त्यावर गूगलनें रचलेली संहिता २००८ सालीं खुली झाली. ती कोणींही वाचावी, बदलावी, वाटावी. परवान्यानेंच तशी मुभा दिली आहे.

आंतील व्यवस्था आमच्या महालांतील जुन्या वाड्यासारखी आहे. प्रत्येक ॲप म्हणजे स्वतंत्र बिऱ्हाड. एकाच्या फडताळांत दुसऱ्यास हात घालतां येत नाहीं. शेजारणीकडे विरजण मागावें तसें दुसऱ्या ॲपकडून काम करून घ्यावयाचें झाल्यास ‘इंटेंट’ नांवाची चिठ्ठी धाडावी लागते. छायाचित्र हवें असल्यास कॅमेऱ्याचें ॲप चिठ्ठी घेऊन तें काढून देतें. आपणांस कशाची परवानगी लागेल, हें ‘मॅनिफेस्ट’ या यादींत आधींच लिहावयाचें असतें. पंचांगानें स्थळ विचारावें हें योग्यच, कारण नागपुरास सूर्य मुंबईपेक्षां स्थूलमानानें २५ मिनिटें आधीं उगवतो. पण घरच्यांचे दूरध्वनिक्रमांक त्यास कशाला हवेत?

खर्च फारसा नाहीं. अँड्रॉइड स्टुडिओ हें लेखनसाधन विनामूल्य आहे. गूगलच्या प्ले स्टोअरमध्यें ॲप ठेवण्यास एकदांच २५ डॉलर पडतात. ॲपलकडे दरवर्षीं ९९.

बाईंची शंका खरी ठरते ती पुढें. पोथी उघडी असली तरी बाजार गूगलच्या हातीं आहे; प्ले स्टोअर त्या खुल्या संहितेंत येत नाहीं. फोन बनविणाऱ्यांवर घातलेल्या अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. मार्च २०२३ मध्यें अपील न्यायाधिकरणानें कांहीं निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेविला. ऑगस्ट २०२५ मध्यें तर दुकानाबाहेर ॲप वाटणाऱ्यांसही आपली ओळख पटवावी लागेल, असें गूगलनें जाहीर केलें. आम्हांस हें रुचलें नाहीं.

चिरंजीवांनीं आपली संहिताही खुली ठेविल्यास एफ-ड्रॉइड या विनामूल्य भांडाराचा मार्ग आहे. तूर्त त्यांनीं ॲप प्रथम घरांतच वापरावयास द्यावें. एकादशी चुकली तर बाई सांगतीलच.