माणूस ग्राहकाचा, दलाली कंपनीची

मराठीत ‘दलाल’ हा शब्द पुरता बदनाम आहे. त्यामुळे विम्याच्या धंद्यातला ब्रोकर म्हणजे मधल्यामध्ये हात ओले करून घेणारा इसम, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः कायद्याने एजंट आणि ब्रोकर यांत मोठा भेद केला आहे. एजंट हा विमा कंपनीचा माणूस. ब्रोकर हा ग्राहकाचा. निरनिराळ्या कंपन्यांचे भाव आणून, अटी ताडून पाहून ग्राहकाला सल्ला द्यावा, ही त्याच्याकडून अपेक्षा. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना नोकरीचे हे एक दार आहे; तेव्हा आत काय चालते हे पाहिलेले बरे.

धंदा जुना आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉईडच्या कॉफीगृहात जहाजांच्या विम्याचे व्यवहार होऊ लागले. ब्रोकरने जोखमीचा तपशील एका चिठ्ठीवर लिहावा आणि ज्याने त्याने आपण किती हिस्सा पत्करतो ते लिहून खाली सही करावी, अशी रीत तिथे रुळली. आपल्याकडे १९५६ साली आयुर्विम्याचे व १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. कंपन्या सरकारी, दर बरेचसे ठरीव. मग ताडून पाहायचे काय? १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली, २००२ साली ब्रोकरांची नियमावली आली आणि २००७ मध्ये आगीच्या विम्याचे ठरीव दर उठल्यावर घासाघीस करायला खरा वाव मिळाला.

थेट विमा उतरवून देणाऱ्या ब्रोकरला २०१८ च्या नियमावलीने किमान ७५ लाख रुपयांचे भांडवल घातले. शिवाय स्वतःच्या हातून होणाऱ्या चुकांचाही विमा त्याला काढावा लागतो! पेढी वाढते ती मात्र नूतनीकरणावर. एका कारखान्याचा आगीचा, वाहतुकीतल्या मालाचा, कामगारांच्या इस्पितळखर्चाचा विमा एकदा हाती आला की तो दर वर्षी परत येतो. नवे गिऱ्हाईक मिळवण्यापेक्षा जुने टिकवणे स्वस्त पडते, आणि जुने टिकते ते दाव्याच्या वेळी.

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतली एखादी फाउंड्री कल्पावी. मालमत्ता एक कोटीची. हप्ता वाचावा म्हणून विमा साठ लाखांचा. आग लागून वीस लाखांचे नुकसान झाले. मालकाला वाटते, वीस लाख साठाच्या आतच आहेत, सगळे मिळतील. पण विमाच मुळी साठ टक्के उतरवलेला, म्हणून ‘सरासरी’च्या अटीप्रमाणे भरपाईही साठ टक्के, म्हणजे बारा लाख, तीतूनही ठरलेली वजावट जायची. हे आगीच्या आधी सांगणे हे ब्रोकरचे काम. आणि गोम इथेच आहे. “विमा पूर्ण एक कोटीचा काढा,” असे त्याने सांगितले की हप्ता वाढतो, हप्त्याबरोबर त्याची दलालीही वाढते. त्याचा प्रामाणिक सल्लासुद्धा लोभासारखा दिसतो! उलट घासाघीस करून त्याने हप्ता कमी करून आणला, तर खिसा त्याचाच हलका होतो. माणूस ग्राहकाचा, पण त्याचे पोट कंपनीच्या हाती.

पेढी मोठी झाली म्हणजे हा पेच सुटतो असेही नाही. अमेरिकेतल्या मार्श अँड मॅक्लेनन या कंपनीने १९९७ साली जॉन्सन अँड हिगिन्स व १९९८ साली सेजविक या मोठ्या पेढ्या विकत घेतल्या. २००४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचे अॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी तिच्यावर खटला भरला. जादा दलाली देणाऱ्या कंपन्यांकडे धंदा वळवला आणि मर्जीतल्या कंपनीचा भाव स्वस्त दिसावा म्हणून इतरांकडून बनावट चढे भाव मागवले, असा आरोप होता. (तिन्ही कोटेशने एकाच टंकलेखनयंत्रावर उमटलेली आपणही पाहिली आहेत.) २००५ च्या जानेवारीत ८५ कोटी डॉलर देऊन तडजोड झाली.

आपल्याकडच्या आचारसंहितेप्रमाणे ग्राहकाने विचारल्यास ब्रोकरने दलालीचे प्रमाण सांगावयाचे असते. विचारल्यास! माझ्या मते तो आकडा प्रत्येक कोटेशनवर न विचारता छापलेला असावा. यावर धंद्यातली मंडळी म्हणतील, आकडा दिसला की गिऱ्हाईक त्यातला वाटा मागेल. मागेलही. पण असा वाटा देणे-घेणे १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने निषिद्धच आहे. ते कलम दाखवून नकार देता येतो. आकडा छापला जात नाही तोवर फाउंड्रीच्या मालकाने तीन कोटेशने हाती आल्यावर एवढेच विचारावे: “या प्रत्येकात तुमचे किती?”