आधी आत जाऊन बघा ना!

घरी सध्या एकच विषय : धाकट्याची सहावीची ॲडमिशन. पनवेलमधली आमच्या भागातली सरकारी शाळा चालत सात मिनिटांवर. आईच्या यादीत मात्र सगळ्या इंग्लिश मीडियमच्या, स्कूल बसवाल्या. ‘ती शाळा आपल्यासाठी नाही,’ एवढंच कारण. मी विचारलं, ‘आत जाऊन कुणी बघितलंय?’ सगळे गप्प!

2024 मध्ये राज्य सरकारने नियमच बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेने आरटीईच्या 25 टक्के जागा नाही दिल्या तरी चालेल. जुलैमध्ये हायकोर्टाने तो बदल रद्द केला. बरंच झालं. गरिबाच्या पोराने जवळ असेल तिथेच जायचं आणि पैसेवाल्याने निवडायचं, हा कुठला न्याय?

पण आमच्याकडे तर निवड आहे, आणि आम्ही ती गेटवरची पाटी बघून करतोय. शेवटी बाबांना ओढत नेलं. गणिताच्या बाईंनी धाकट्याला थेट फळ्यापाशी उभं केलं. अपूर्णांकात अडला, तर चपातीचं चित्र काढून समजावलं. बाबांनी इंग्रजीचं विचारलं, आठवीनंतर काय तेही विचारलं (शाळा आठवीपर्यंतच आहे, हा मुद्दा खराच). मग सवयीने फी विचारली आणि स्वतःच हसले.

घरी आल्यावर म्हणाले, ‘अजून काही ठरलेलं नाही हां.’ चालेल. सोमवारी आई येतेय बघायला.