कार्डाला कात्री लावण्याआधी

संक्रांत झाली, सिद्धेश्वराची यात्रा झाली, गड्ड्यावरची खरेदीही झाली, की मागोमाग क्रेडिट कार्डाचं बिल येतं. ते वाचून सोलापुरातल्या कितीतरी घरांतून एकच सूर निघतो, ‘ते कार्ड बंदच करून टाकू या एकदाचं!’ विचार वाईट नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला माहेरी नि सासरी दोन्हीकडे शिकवलेलंच असतं. पण भगिनींनो, कार्ड बंद करणं म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा कापणं नव्हे. बाजारातली तुमची पत त्याला बांधलेली असते.

ही पत मोजतात कशी? किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत कुणी वेळेवर पैसे देतं, कुणी रखडवतं, हे टिपलेलं असतंच ना? तशीच वही देशभरातल्या कर्जांची ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्याकडे आहेत. त्यांपैकी २००० साली स्थापन झालेल्या ‘सिबिल’चं नाव तुम्ही ऐकलं असेलच. हप्ते आणि बिलं तुम्ही कशी भरता, यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण मिळतात. त्यालाच क्रेडिट स्कोअर म्हणतात. कर्ज मागायला गेलात की बँक आधी तो पाहते.

आता कार्ड बंद केल्यावर काय होतं, ते हिशेबानेच पाहू. समजा, तुमच्याकडे दोन कार्डं आहेत. एकाची मर्यादा ६०,००० रुपये, दुसऱ्याची ४०,०००. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च ३०,०००. म्हणजे एक लाखाच्या मर्यादेतले ३० टक्के तुम्ही वापरता. हे ठीकच आहे. मोठं कार्ड बंद केलंत, तर खर्च तेवढाच, पण मर्यादा उरली ४०,००० ची. वापर एकदम ७५ टक्के झाला! तुम्ही एक रुपयाही जास्त खर्चलेला नाही, तरी बँकेच्या नजरेला ही बाई उसनवारीवर जगते आहे असं दिसतं आणि गुण घसरतात. वापर ३० टक्क्यांच्या आत असावा, असं जाणकार सांगतात ते यासाठीच.

दुसरी गोष्ट जुनेपणाची. दहा वर्षं नीट चालवलेलं कार्ड म्हणजे दहा वर्षांची साक्ष. ते बंद केल्याबरोबर साक्ष पुसली जात नाही, बंद खात्याची नोंदही काही वर्षं अहवालात राहते. पण पुढे ती गेली की मागे उरतं ते कोवळं खातं.

यात बायकांनी विशेष जपावं असं एक आहे. नवऱ्याच्या कार्डाला जोडून मिळालेल्या कार्डाचा व्यवहार बहुधा मुख्य कार्डधारकाच्या, म्हणजे नवऱ्याच्याच नावावर जमा होतो. समजा, घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकणाऱ्या एखादीला पिठाची गिरणी घ्यायला कर्ज हवं आहे. तिच्या स्वतःच्या नावाचं एकुलतं एक कार्ड तिने मागेच बंद केलं असेल, तर ‘माझी पत ही बघा’ म्हणून दाखवायला तिच्याजवळ काय उरलं? म्हणून स्वतःच्या नावाचं, जुनं आणि बिनफीचं एक कार्ड ठेवावंच. फी भारी वाटत असेल, तर ते बिनफीच्या कार्डात बदलून मिळेल का, हे बँकेला आधी विचारा. आणि ते कपाटात पुरून ठेवू नका बरं का! वर्षाहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड बँक तुम्हाला कळवून, ३० दिवसांत उत्तर न आल्यास, बंद करू शकते. मधूनमधून लाइटबिल त्यावर भरावं आणि रक्कम पूर्ण चुकती करावी.

मग कार्ड बंद कधीच करू नये का? तसंही नाही. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी चार-पाच कार्डं झाली असतील, किंवा कार्ड हाती आलं की हात आवरत नसेल, तर खुशाल बंद करा. उरलेल्या बाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज भरत बसण्यापेक्षा थोडे गुण घटलेले परवडले, ते सांभाळून वागलं की पुन्हा चढतात. फक्त घरासाठी वा धंद्यासाठी कर्जाचा अर्ज करायचा असेल, तर कर्ज मंजूर होऊन हाती पडेपर्यंत कात्री बाजूला ठेवा. बंद करायचंच, तर नव्यातलं, कमी मर्यादेचं, फी घेणारं आधी करा.

बंद करण्याची रीत अशी :

• सारी बाकी, अगदी शेवटचे दोन-चार रुपयेसुद्धा, भरून टाका. जमलेले पॉइंट वापरून घ्या. कार्डावरून आपोआप जाणारी बिलं दुसरीकडे वळवा.

• अर्ज लेखी करा, ई-मेलही चालतो. अर्ज पोस्टानेच पाठवा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे बाकी नसेल, तर कामाच्या ७ दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते.

• ‘काही येणं नाही’ असं पत्र मागून घ्या आणि ते दस्तऐवजांच्या पिशवीत जपून ठेवा.

• महिना-दीड महिन्याने आपला क्रेडिट अहवाल पाहा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असंच हवं.

‘थोडे पैसे भरा, मिटवून टाकू’ असं कुणी म्हणालं, तर सावध राहा. अशा तडजोडीत खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे कर्ज देणारा तो पाहून मागे सरतो. जमत असेल तर हप्ते पाडून घ्या, पण सगळे पैसे फेडा.

तेव्हा या रविवारी घरातली सारी कार्डं एका कागदावर मांडा : कुणाच्या नावाचं, किती जुनं, मर्यादा किती, फी किती. कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं, ते त्या कागदावरूनच तुमच्या ध्यानात येईल.