नदी उशाशीं, तहान कंठीं

ज्या वाचकांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंत आहेत व सुटींत पायीं हिंडतात, त्यांनीं हें त्यांस अवश्य वाचून दाखवावें.

उत्तर डकोटा संस्थानाच्या पश्चिमेस लिट्ल मिसुरी नदीनें व पावसानें मृदु खडक कोरून जो विदीर्ण, उजाड प्रदेश केला आहे, त्यांतून ‘मा दा हे’ नांवाची सुमारें १४४ मैलांची पायवाट जाते. नांव मंडान भाषेंतील. चिरकाल राहिलेलें व राहणारें स्थळ, हा त्याचा भाव. खुणेच्या खांबांवर कासवाची मुद्रा असते. कूर्मावताराच्या कथांवर वाढलेल्यांस ती परकी वाटूं नये!

ह्या वाटेवर प्राण अडतो तो पाण्यापाशीं. नदी डोळ्यांदेखत वाहते, पण तींत गाळ इतका, कीं गाळणीही तुंबते. म्हणून शहाणा वाटसरू आधीं मोटारीनें जाऊन ठरावीक ठिकाणच्या पेट्यांत पाणी ठेवून येतो, मगच चालूं लागतो. पाऊस आला तर सुटका नव्हे, नवें संकट. तेथील बेंटोनाइट माती पाणी पिऊन फुगते, साबणासारखी निसरडी होते आणि जोड्यांस चिकटून पाऊल जड करते. अशा वेळीं ती वाळेपर्यंत थांबावें. आणि नदी पायींच ओलांडावी लागत असल्यामुळें, पाणी चढलें तर अलीकडच्या तीरावरच मुक्काम करावा. तरुण मंडळींस हा भित्रेपणा वाटेल. खुशाल वाटो!